चोपन्नावा तास

आमचे बाबा, महादेवराव घडीवाले, अख्ख्या पुलगावात भित्रे म्हणून प्रसिद्ध आहेत. मी त्यांची थोरली मुलगी आहे, तरी सांगते. कुकरची शिट्टी झाली की दचकतात. एसटीत खिडकीजवळ बसत नाहीत. पावसाळ्यात विजेचं बटण लाकडी पट्टीनं दाबतात. आई होती तेव्हा म्हणायची, "या मानसानं अंतरपाटामागं उभं राह्याची हिंमत कशी केली, देवच जाने!"

पण त्या भीतीला एक जागा आहे. बाबांच्या डाव्या भुवईवर बोटभर व्रण आहे. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी भिंतीवरचं एक जुनं घड्याळ उघडलं. आठवड्यातून एकदा चावी द्यायची आणि आठ दिवस निवांत, अशा जातीचं. आत एका गोल डब्बीत पोलादाची जाड पट्टी गुंडाळलेली असते, तिला कमान म्हणतात. चावी दिली की ती आवळते, आणि मग हळूहळू उलगडत काटे फिरवते. बाबांनी ती सैल न करताच डब्बीचं झाकण काढलं. आठ दिवसांचा जोर एका क्षणात बाहेर आला. घाव अर्धा इंच खाली बसला असता तर डोळा गेला असता. तेव्हापासून त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे, "जोर कोंडून ठेवला का तो बाहेर यायाची वाट पाहते."

आमचं दुकान नाचणगाव रोडला आहे, मागच्या खोल्यांत घर. अर्ध्या भागात माझी पिको-फॉलची मशीन, अर्ध्यात बाबांचं टेबल. माझ्याकडे बायका येतात आणि बोलून बोलून माझं डोकं खातात. बाबांकडे आताशा कोण येणार? सेल बदलायला येतात तेवढे. आणि कंपनीवाले.

कंपनी म्हणजे माळावरची बारूदची कंपनी. तिचं नाव मी लिहीत नाही, आमच्याकडेही कोणी घेत नाही. तिथं गेटवर मोबाइल जमा करावा लागतो, काडीपेटी जमा, सेलची घडीसुद्धा जमा. घडी म्हणजे मनगटी घड्याळ, आमच्या बोलीत. चावीची घडी मात्र आत चालते, कारण तिच्यात वीज नाही. म्हणून ज्या घड्या जगानं टाकून दिल्या त्या आमच्या गावात अजून टिकटिकतात आणि बाबांना थोडं काम मिळतं.

माझी धाकटी बहीण सुरभी दोन वर्षांपूर्वी त्याच कंपनीत पॅकिंगला लागली. बाबांनी नको नको म्हणून पाहिलं. तीन दिवस जेवले नाहीत. सुरभी आमच्या आईवर गेलेली, ती म्हणाली, "तुम्ही तं मले मंदिरातही जाऊ देनार नाई, घंटा पडन म्हनून." आणि गेली.

तेव्हा बाबांनी आजोबांची चावीची घडी साफ करून तिच्या हातात बांधली. रोज सकाळी सातच्या बसला निघताना ती मनगट पुढे करायची. बाबा घडी काढून घेत, बावीस फेरे चावी देत, डाव्या कानाला लावत आणि परत बांधत. "येजो," म्हणत, म्हणजे परत ये. बाप-लेकीत तेवढंच बोलणं. पण त्या बावीस फेऱ्यांशिवाय सुरभी उंबरठा ओलांडत नव्हती.

पॅकिंगच्या खोलीत चौदा बाया, आणि घडी एकटीच्या हातात. गेटवर भोंगा आहे, पण खोलीतल्या पंख्यांच्या घरघरीत तो ऐकू येत नाही. मुकादमीण कमलाबाई सुरभीला विचारायची, "किती झाले वो?" सुरभीनं साडेबारा म्हटलं की चौदाही जणी उठून दूरच्या लिंबाखाली डबे सोडायला जायच्या. आमच्या बाईसाहेबांना त्याचा केवढा तोरा! घरी आल्यावर सांगायची, "माह्या घडीशिवाय तिथं घास उतरत नाई कोनाच्या गळ्याखाली."

बिघडलं ते एका सोमवारपासून. आदल्या दिवशी रविवारची सुट्टी, सुरभी मैत्रिणींबरोबर गिरडच्या टेकडीवर गेली होती. भल्या पहाटे निघाली, चावी राहिली. सोमवारीही उशिरा उठून तशीच पळाली, आणि फोन गेटवर जमा केल्यावर पाहते तर घडी बंद. त्या दिवशी खोलीत सगळ्या तिला हसल्या. संध्याकाळी ती घडी टेबलावर टाकून म्हणाली, "बाबा, ही छत्तीस तासातच मरते. दोन दिवस, अडीच दिवस चालन असं कायतरी करून द्या ना."

बाबांनी तिला समजावलं, ते मला अजून तोंडपाठ आहे. म्हणाले, "हे पाय, तुह्या डब्ब्यात पोळ्या किती मावतात? चार. तुले सहा पाहिजेत, अन् डब्बा तं तेवढाच. मंग काय करशीन? पातळ लाटशीन. कमानीचंही तसंच हाये. डब्बी मोठी करता येत नाई. लांब कमान घालाची तं पातळ घालावी लागते. पातळ कमान जास्त तास चालते, पन तिचा जोर कमी. सुरुवातीले बरी चालन, शेवटी शेवटी आतलं चक्र नीट झोका घेत नाई. हात हलला का चालते, हात थांबला का थांबते. बंद पडली असती तं कळलं तरी असतं. ही चालत्या चालत्या खोटं बोलन."

"मंग कंपन्या कशा काढतात आठ-आठ दिवसाच्या घड्या?"

"त्या दोन डब्ब्या घालतात, मंग घडी विटेवानी जाड होते. नाई तं चक्राचे झोके हळू करतात, मंग जरा धक्का लागला का टाइम बिघडते. फुकट कोनी देत नाई बाई. तास वाढवले का कुठून तरी खरेपना कमी होतेच."

एवढं कळणारा माणूस. आणि तरी त्यानं ती कमान घातली! कशासाठी? तर लेक दोन वर्षांत पहिल्यांदा काही मागत होती म्हणून. नागपूरच्या जुन्या माणसाकडून लांब, पातळ कमान आणली, डब्बीत बसवली आणि घडी तीन दिवस टेबलावर ठेवून तपासली. मध्येमध्ये उचलून हलवायचे, ठेवायचे. पेन्सिलीनं भिंतीवर लिहिलं. पन्नास तासांपर्यंत बरोबर. मग अडखळते. चोपन्नाव्या तासाला वीस मिनिटं मागे. सत्तावन्नाव्याला बंद.

घडी देताना सुरभीला बजावलं, "रोज सकाळी चावी देनंच हाये. वरचे तास अडीअडचनीसाठी हायेत, रोजच्यासाठी नाई." ती हो हो म्हणाली.

पण दोन दिवस पुरेल म्हटल्यावर रोज कोण थांबतं? मी स्वतः सिलेंडर भरलेला असला की गॅस मोठा ठेवते. महिनाभरात बावीस फेरे रोजचे राहिले नाहीत. एक दिवस आड झाले. कधी ती म्हणायची, "कालचा जोर बाकी हाये, बस सुटन," आणि पळायची. बाबांचा हात पुढे आलेला तसाच राहायचा.

मार्चमधली गोष्ट. रविवारी सकाळी सातला बाबांनी चावी दिली, सुट्टी असूनही. सोमवारी ती उशिरा उठली, पळाली. सोमवारी संध्याकाळी दोघांचं कडाक्याचं वाजलं. बाबा पुन्हा म्हणाले, नोकरी सोड. ती म्हणाली, "तुमच्यासारखं जिंदगीभर टेबलाखाली लपून बसू काय?" बाबांच्या वर्मी लागलं. ते उठून आत गेले.

मंगळवारी सकाळी ती घडी हातात बांधून दुकानापुढून गेली. बाबा शटर वर करत होते. तिनं पाहिलं नाही, त्यांनी बोलावलं नाही. मी दोघांनाही पाहत होते आणि मनात म्हटलं, मरू द्या, होऊ दे एकदा काय व्हायचं ते. असे शब्द तोंडात येतात आणि मग गिळता येत नाहीत.

दुपारी माझ्या मशीनखालची जमीन हलली. आधी पायाला कळलं, मग कानाला. बाबांच्या शोकेसची काच खणखणली आणि भिंतीवरची सगळी लंबकाची घड्याळं एकदम वेडीवाकडी टिकटिकली. रस्त्यावर कोणीतरी ओरडलं, "कंपनी गेली!"

बाबांनी पहिल्यांदा भिंतीकडे पाहिलं. बारा चाळीस.

मी सुरभीला फोन लावला. रिंग जात होती. रिंग जाते म्हणजे जिवंत आहे, असं एक क्षण वाटलं, आणि मग आठवलं की तिचा फोन गेटवरच्या पेटीत आहे. तो असाच वाजत राहणार, ती असो नसो. तरी मी परत परत लावत राहिले.

शेजारचे भैय्याजी, आटोवाले, पळत आले. मला म्हणाले, "ज्योत्स्ना, रडू नको. बारा चाळीस म्हन्जे जेवाची सुट्टी. सगळ्या पोरी भाईर असतीन लिंबाखाली." मी लगेच डोळे पुसले. खरंच की! साडेबाराला उठतात, पाच मिनिटांत लिंबाखाली. मी बाबांचा दंड धरून हलवला, "बाबा, ऐकलं काय? सुट्टीत झालं!"

बाबा भिंतीवरच्या पेन्सिलीच्या आकड्यांवर बोट ठेवून उभे होते. ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेत आहेत. मी कान जवळ नेला.

"रविवार सात ते सोमवार सात, चोवीस. मंगळवार सात, अठ्ठेचाळीस. आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. त्रेपन्न. वर चाळीस मिनटं. चोपन्नावा तास." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "ज्योत्स्ना, तिच्या घडीत बारा वीस झाले असतीन."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा असं वाटलं की यांच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावं. गाव आम्हाला धीर देत होतं आणि तो धीर खोटा आहे हे या जगात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. बारा वीस म्हणजे सगळ्या आत. चौदाच्या चौदा, माझ्या बहिणीच्या मनगटाकडे बघत.

"तुम्ही काऊन घातली थे कमान?" मी रस्त्यात ओरडले. "सगळं माहीत असून काऊन घातली?" भैय्याजींनी आम्हाला आटोत कोंबलं.

गेटवर हजारभर माणूस. पोलिसांचा दोर. माळावरून पिवळा धूर सरळ वर चढत होता, वारा नव्हता. बाया छाती पिटत होत्या. जो तो एकच विचारत होता, "माही पोरगी दिसली काय, माहा मानूस दिसला काय." बाबा मात्र प्रत्येकाला वेगळंच विचारत होते, "सुट्टी झालती काय? पॅकिंगची सुट्टी झालती काय?" लोक त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत. एका शिपायानं ढकललं तर पडले, उठले आणि त्यालाही तेच विचारलं.

पुलगावातला सगळ्यात भित्रा माणूस त्या दिवशी तीन तास उन्हात दोराला धरून उभा होता. टँकरचा टायर फुटला तेव्हा सगळे खाली बसले. हे उभेच. मी त्यांना पाणी दिलं, ते हातातच राहिलं. मला एकदम आईची आठवण आली आणि बरं वाटलं की ती नाही.

पावणेचारला आतून बस आली. काचा नव्हत्या. खिडकीत कमलाबाई दिसली, केस पांढरे झालेले, धुळीनं. तिच्या मागे सुरभी.

मी तिला उतरवलं, चाचपलं, दोन थोबाडीत मारल्या आणि मग मिठी मारली. ती रडत नव्हती. बाबा पुढे आले. तिनं सवयीनं मनगट पुढे केलं, जसं रोज सकाळी करायची. घडी बंद होती.

रात्री ती बोलली, तुटक तुटक. साडेबारा नुकतेच होऊन गेले असावेत, पण तिच्या घडीत बारा दहा-बारा दिसत होते. कमलाबाई म्हणाली, "किती झाले वो?" हिनं सांगितलं, "अजून अठरा मिनटं हायेत." कमलाबाई भडकली, "तुह्या घडीले आग लागो! माह्या पोटात केव्हाचे कावळे ओरडून राह्यले. चला वो पोरींनो!" आणि सगळ्यांना हाकलत बाहेर घेऊन गेली. सुरभी भांडतच गेली. तिच्या घडीला खोटं म्हटलं याचा तिला राग आला होता. लिंबाखाली पोचल्या, डबे सोडले, आणि शेजारची शेड उडाली. पॅकिंगची भिंत आत कोसळली.

"सगळ्या आलत्या ना भाईर?" बाबांनी विचारलं.

सुरभी म्हणाली, "नलू नाई आली. थे म्हने, सुरभीची घडी कधी चुकत नाई, अठरा मिनटं हायेत तं एवढा खोका होऊ दे."

नलू नालवाडीहून इथं मामाकडे राहायला आलेली, बावीस वर्षांची. वडील नाहीत. आई आनंदाबाई आणि धाकटी बहीण आचलही इथंच. मी नलूच्या ओढण्यांना पिको केली आहे. तिला गुलाबी रंगाचं भारी वेड होतं.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. बाबांच्या पाठीला तो त्या रात्री लागला. आणि गावानं काय करावं? गावानं उलटंच केलं. आठ दिवसांत सगळीकडे झालं की महादेवरावांच्या घडीनं तेरा बाया वाचवल्या. पॅकिंगमध्ये घडी एकच, आणि सुट्टी बरोबर वेळेवर झाली, म्हणजे घडीनंच वाचवलं! लोक दुकानात येऊन बाबांच्या पाया पडू लागले. कमलाबाईच्या भुकेची गोष्ट कोणाला सांगावीशी वाटली नाही. सुरभी घरात बसून राहिली, दार वाजलं की आतल्या खोलीत जायची. मी बाबांना बजावलं होतं, "तोंड उघडू नका. गेलेली परत येत नाई. राहिलेलीले तरी जगू द्या."

नलूची तेरवी झाली त्याच्या चौथ्या दिवशी आनंदाबाई दुकानात आली. पायरीवर बसली नाही, उभी राहिली. पदराच्या गाठीतून नवऱ्याची जुनी चावीची घडी काढून टेबलावर ठेवली.

"भाऊजी," ती म्हणाली, "कंपनीनं आचलले घेतलं. एकतारखेपासून जाते. नको म्हनून भागत नाई. तुमच्या सुरभीच्या घडीत जे बसवलं म्हनतात, थे या घडीत बसवून द्या. एक तं गेली. या एकीले राखा."

मी मशीनचं पायडल जोरात मारलं, आवाज व्हावा म्हणून. बाबांकडे पाहून डोळ्यांनी म्हटलं, नाही, बाबा, नाही. ती घडी त्यांनी उचलली आणि खाली ठेवली. मला वाटलं घाबरले, आता गप्प बसतील. आयुष्यभर घाबरले, आज एक दिवस अजून घाबरा, माझ्या बहिणीसाठी घाबरा.

"ज्योत्स्ना, मशीन बंद कर," बाबा म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं. पोळ्यांच्या डब्ब्यापासून चोपन्नाव्या तासापर्यंत सगळं. भिंतीवरचे आकडे दाखवले. मंगळवारी सकाळी हात पुढे केला नाही तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "थ्या घडीनं कोनाले वाचवलं नाई, बाई. तुमची नलू माह्या घडीवर भरोसा ठेवून आत राह्यली."

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. सुरभी तिथं उभी होती. आनंदाबाईनं तिच्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मी वाट पाहत होते की आता ती किंचाळेल, शाप देईल, आमची काच फोडेल. मला तेच हवं होतं. ती पायरी उतरून निघून गेली. घडी टेबलावरच राहिली.

चार दिवस आम्ही प्रत्येक पावलाच्या आवाजाला घाबरलो. बाबांनी ती घडी उघडली, साफ केली, मूळचीच जाड, आखूड कमान ठेवली. छत्तीस तासांची. म्हणाले, "हे रोज चावी मागन. मागून घेनारी बरी."

एक तारखेला सकाळी पावणेसातला शटर वाजलं. बाहेर आचल. अठरा वर्षांची, दोन वेण्या, हातात डबा. रिकामं मनगट पुढे करून उभी.

"आईनं पाठवलं. म्हने, चावी तुम्हीच देजा. रोज."

"अजून काय म्हनली आई?" बाबांनी विचारलं.

"म्हने, एक दिवस चुकला तं मले तोंड दाखवू नका."

बाबांनी बावीस फेरे दिले, कानाला लावली, तिच्या हातात बांधली. "येजो," म्हणाले. आणि संध्याकाळी बस येईपर्यंत टेबलाशी बसले नाहीत.

त्याला आता सात महिने झाले. बाबा गाव सोडत नाहीत. हिंगणघाटला सख्ख्या भाचीचं लग्न झालं, गेले नाहीत. रविवारीही आचल येते, चावी घेऊन परत जाते. मी कितीदा म्हटलं, तिला स्वतःला देऊ द्या, काही कठीण आहे का? म्हणतात, "तिले येईन वो. पन आनंदाबाईनं तिले नाई सांगितलं, मले सांगितलं."

आज पहाटे बाबांना सणकून ताप भरला. उठायला गेले आणि पलंगावर परत पडले. पावणेसातला शटर वाजलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुरभी त्या घडीला हात लावणार नाही हे दोघांनाही ठाऊक.

मी घडी घेतली. मोजू लागले. चौदापर्यंत बरोबर होते, मग बसनं हॉर्न दिला, आचल म्हणाली, "ताई, लवकर," आणि माझा आकडा सुटला. फिरवत गेले, बोटाला थोडं अडलं. चावी पूर्ण भरली म्हणून अडलं की माझंच बोट थकलं म्हणून, कळेना. कानाला लावली. टिकटिक चालू होती, पण सुरभीच्या घडीचीही त्या मंगळवारी बारा वाजता चालूच असणार.

"झालं ना?" आचलनं विचारलं.

मी झालं म्हणाले आणि तिच्या हातात बांधली. बस साडेपाचला येते. सकाळपासून मी एकही फॉल लावू शकले नाही.